अल्फा ०.८६ आला, पण मला तोच खटकतो

चिंता मोजणारी ३० विधानांची मापनी (प्रश्नावली) तुम्ही १० विधानांवर आणलीत. ज्या २०० जणांच्या उत्तरांवरून ही १० निवडलीत, त्यांच्याच उत्तरांवर अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.८६ आला, मूळ मापनीशी सहसंबंध (दोन्हींचे गुण किती बरोबरीने वरखाली होतात ते) ०.९४. प्रबंधाला एवढं पुरेल का, हा तुमचा प्रश्न. माझ्या मते नाही पुरणार.

आधी अल्फा. मूळ मापनीचा अल्फा ०.९० आहे असं तुम्ही लिहिलंय. स्पिअरमन आणि ब्राउन यांनी १९१० साली स्वतंत्रपणे मांडलेलं सूत्र लावून बघा; मापनीची लांबी बदलली की विश्वसनीयता, म्हणजे गुणांचा भरवसा, किती बदलेल ते हे सूत्र सांगतं, आणि अल्फा हा त्या विश्वसनीयतेचाच अंदाज. लांबी एक तृतीयांश झाली की विश्वसनीयता साधारण ०.७५ वर यायला हवी. मग तुमच्याकडे ती इतकी जास्त का? कारण एकूण गुणांशी सर्वाधिक सहसंबंध असलेली विधानं तुम्ही उचललीत, आणि अशी विधानं बहुधा एकमेकांची सख्खी भावंडं असतात. ‘मला सतत काळजी वाटते’, ‘माझ्या मनातून काळजी जात नाही’... एकच प्रश्न शब्द बदलून विचारला की अल्फा चढणारच. पण धडधड, उडालेली झोप, लोकांत जायचं टाळणं, हे सगळं बाहेर राहतं. मी पहिल्यांदा मापनी छोटी केली तेव्हा झोपेची दोन्ही विधानं अशीच गेली होती, आणि ते लक्षात आलं तोवर माहिती गोळा करून झाली होती. शिवाय ज्या नमुन्यावर निवड केली त्यावरच तपासणी केली, तर त्या नमुन्यातले योगायोगही तुमच्या खात्यात जमा होतात.

०.९४ तर बाजूलाच ठेवा. तीच १० उत्तरं दोन्ही बेरजांमध्ये आहेत, त्यांतल्या चुकांसकट. समान प्रसरणाच्या (उत्तरांचा विखुरलेपणा सारखा असलेल्या) ३० विधानांचा आपसात काडीचाही संबंध नसता, तरी त्यांतल्या १० ची बेरीज एकूण बेरजेशी ०.५८ एवढा सहसंबंध दाखवते. गणिताचाच परिणाम आहे तो.

आता काय करायचं? मूळ मापनीचे पैलू कागदावर मांडा आणि प्रत्येकातून किमान दोन विधानं ठेवा. अल्फा उतरला तरी चालेल. २००३ साली आलेल्या दहा विधानांच्या व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीत प्रत्येक गुणाला दोनच विधानं आहेत, आणि तीही मुद्दाम वेगवेगळ्या अंगांची. तिचे अल्फा कमी आहेत, म्हणून तिच्याबाबतीत पुनर्चाचणीला (त्याच लोकांना काही काळाने तीच विधानं पुन्हा देण्याला) जास्त महत्त्व दिलं जातं. मग नव्या लोकांना फक्त ही १० विधानं द्या. मूळ ३० विधानांमधून १० चे गुण काढू नका, कारण आजूबाजूची विधानं बदलली की उत्तरंही बदलू शकतात. काही आठवड्यांनी त्यांच्यातल्याच काही जणांना ती पुन्हा द्या. सोबत चिंतेची दुसरी, स्वतंत्र मापनी आणि नैराश्याची एक मापनी ठेवा. पहिलीशी सहसंबंध दुसरीपेक्षा ठळकपणे जास्त निघाला नाही, तर तुमची मापनी चिंता मोजते की सरसकट मनस्ताप, हा प्रश्न उभा राहतो. पुष्टीकारक घटक विश्लेषणही (विधानं आधी ठरवलेल्या पैलूंप्रमाणे खरंच गटांत बसतात का, याची तपासणी) याच नव्या नमुन्यावर करा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: हे गुण गटांच्या तुलनेसाठी वापरणार, की एकेका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायला? विश्वसनीयता ०.९० असते तेव्हा मापनाची प्रमाण चूक (एकाच व्यक्तीचे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात ते) प्रमाण विचलनाच्या, म्हणजे लोकांच्या गुणांमधल्या विखुरलेपणाच्या, ०.३२ पट असते; ०.७५ ला ती वाढून प्रमाण विचलनाच्या निम्मी, म्हणजे ०.५० पट होते. गटांची तुलना एवढी चूक बऱ्यापैकी सोसते. समोर बसलेल्या एका माणसाला ‘तुम्हाला उपचार लागतील’ किंवा ‘लागणार नाहीत’ असं सांगायला मात्र ती फार मोठी आहे, आणि मूळ मापनीची सीमारेषा (ज्या गुणांपुढे चिंता जास्त मानतात तो आकडा) १० विधानांना तशीच लावता येत नाही.

वगळलेली २० विधानं कोणती ते कळवा. कोणता पैलू निसटलाय, ते मला आधी त्यांतच शोधायचं आहे.