पंपावर 33, घरी 30 आणि 34: टायरमधल्या हवेचा कोणता आकडा धरायचा?

तुम्ही विचारलंय की काल संध्याकाळी पंपावर चारही टायरमध्ये 33 भरून घेतली, आज सकाळी घरच्या डिजिटल गेजवर (हवेचा दाब मोजायच्या यंत्रावर) 30 आली आणि पेनासारख्या गेजवर 34. खरं कोणतं?

पंपावरचं मशीन आणि तुमचं डिजिटल गेज, दोन्ही खरी असू शकतात. गाडी चालवत पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि दाब 3-4 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक, वरचे आकडेही त्यातलेच) चढतो. त्या तापलेल्या टायरमध्ये 33 भरली, तर सकाळी ती 30 च्या आसपास उतरणारच. साधारण साडेपाच अंश सेल्सिअसला एक पीएसआय असा हिशोब. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकरवर छापलेला आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असतानाचा. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तेवढी हवा कृपा करून भरू नका.

पेन गेजचं मात्र वेगळं. त्याच सकाळी, त्याच टायरवर चारचा फरक म्हणजे दोघांपैकी एक गेज चुकतंय. गाडी सावलीत असताना एकच टायर घ्या आणि पाच मिनिटांच्या आत दोन्ही गेजनी तीन-तीनदा मोजा. व्हॉल्व्हवर गेज सरळ दाबायचं. फुस्स आवाज येत राहिला तर तो आकडा सोडून द्यायचा. दर वेळी एकच आकडा देणारं गेज ठेवा. ते नेहमी दोन जास्त दाखवत असेल तरी हरकत नाही, चांगल्या टायरवाल्याच्या गेजशी एकदा ताडून पाहिलं की दोन वजा करता येतात. 31, 35, 32 असं भरकटणाऱ्या गेजचा काहीच उपयोग नाही.

मी काट्याचं गेज वापरतो, 0 ते 60 चं. कारचे आकडे त्याच्या मधोमध येतात आणि तिथेच काटा सगळ्यात नीट दाखवतो. 200 पर्यंतच्या गेजवर 30 आणि 33 मध्ये केसाएवढं अंतर उरतं. फक्त जपावं लागतं. माझं पहिलं गेज फरशीवर पडलं, तेव्हापासून त्याचा काटा शून्यावर आलाच नाही.

स्टेपनीही मोजा. ती बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यात बहुधा 60 पीएसआय लागते, आणि तिथे माझं गेज शेवटच्या रेघेला टेकतं. तिच्यासाठी तुमचं डिजिटलच बरं.