सही करू का नको? कॅज्युअल्टीतल्या रिसर्चबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी अपघाताच्या पेशंटला पहिल्या तासात काय काय करतात ते लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले, आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे ट्रीटमेंटवर नव्हतेच, कॅज्युअल्टीत जे स्टडी नि ट्रायल चालतात त्यावर होते. म्हणून आज तेवढंच घेते. काही प्रश्न फारच लांब होते, छाटलेत, राग मानू नका.

प्रश्न: मॅडम, माझे वडील बाईकवरून पडले, मोठ्या हॉस्पिटलात नेलं. टाके घालणं चालू होतं तेवढ्यात एक डॉक्टर फॉर्म घेऊन आले, म्हणे एक स्टडी चालू आहे, सही करता का. मी घाबरून नाही म्हटलं. बाबांवर प्रयोग करणार होते का? आणि एवढी घाई कसली? (सातारा)

नाही म्हणायचा हक्क पूर्ण तुमचा, आणि तसं म्हटल्याने ट्रीटमेंटमध्ये काडीचाही फरक पडता कामा नये, पडला तर ती तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे.

प्रयोगाचं म्हणाल तर बहुतेक इमर्जन्सी ट्रायलमध्ये नेहमीची ट्रीटमेंट सगळ्यांना मिळतेच, वर एखादी जास्तीची गोष्ट निम्म्या लोकांना मिळते आणि निम्म्यांना मिळत नाही. कुणाला काय ते डॉक्टर ठरवत नाही, हे लोकांना पटवायला सगळ्यात अवघड जातं. क्रॅश-२ नावाची एक ट्रायल झाली, २०१० साली निकाल आला. अपघातात रक्त जाणाऱ्या पेशंटला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्यायचं का, हा प्रश्न. औषध जुनंच, जपानमधल्या ओकामोतो नवरा-बायकोने १९६० च्या आसपास शोधलेलं, पाळीत जास्त जातं म्हणून गोळी देतात ना, तेच. तर ज्या हॉस्पिटलातून फोन करून नंबर घेणं जमणार नव्हतं तिथे एक खोकं दिलेलं, आत नंबर टाकलेली आठ पाकिटं. पेशंट आला की सगळ्यात लहान नंबरचं पाकीट उचलायचं. आत औषध आहे की नुसतं सलाइन हे देणाऱ्याला कळत नाही आणि घेणाऱ्यालाही. हा ओळखीचा आहे, याला चांगलं देऊ, असं करायला जागाच नाही.

४० देश, २७४ हॉस्पिटलं, २०,२११ पेशंट, त्यात आपल्याकडचेही होते. सलाइनवाल्यांत १६ टक्के दगावले, औषधवाल्यांत साडेचौदा. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतो पण हजार पेशंटमागे पंधरा माणसं घरी गेली असा त्याचा अर्थ, आणि तेही इतक्या स्वस्त औषधाने. पुढे त्याच आकड्यांत खोल बघितलं तेव्हा कळलं की फायदा पहिल्या तीन तासांतच आहे, त्यानंतर दिलं तर रक्तस्रावाने मरणारे उलट वाढतात. एवढी घाई कसली, त्याचं उत्तर इथे आहे. टाके संपून, चहा पिऊन, मग निवांत विचारू असं अशा स्टडीत चालत नाही.

पुढच्या वेळी कुणी फॉर्म आणला तर घाबरू नका, विचारा: आम्ही नाही म्हटलं तर काय मिळेल? सीटीआरआय नंबर काय? (ही ट्रायल नोंदवायची सरकारी साइट, २००७ पासून आहे, कुणीही उघडून बघू शकतं.) एथिक्स कमिटीचा, म्हणजे रिसर्चमध्ये पेशंटवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीचा, फोन फॉर्मवर कुठे लिहिलाय? ट्रायलमुळे काही इजा झाली तर खर्च कोण करणार? २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधाच्या ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही द्यावी लागते. फॉर्म तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा, वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, आणि एक कॉपी तुमच्याकडे. यातलं एक जरी उत्तर गोलगोल आलं तर खुशाल नाही म्हणा.

प्रश्न: मी बर्मिंगहॅमला असते. इथे मध्यंतरी ॲम्ब्युलन्सवाले हार्ट बंद पडलेल्या लोकांना न विचारताच ट्रायलमध्ये घेत होते असं कळलं. पेशंट बेशुद्ध, घरचे रडतायत, आणि हे परस्पर पाकीट फोडणार? पटत नाही.

तुम्ही म्हणता ती पॅरामेडिक-२. इंग्लंड-वेल्समधल्या पाच ॲम्ब्युलन्स सर्व्हिस, तुमची वेस्ट मिडलंड्स त्यातलीच, २०१४ च्या शेवटी सुरू होऊन २०१७ पर्यंत चालली. निम्म्यांना ॲड्रेनालिन (बंद पडलेलं हृदय चालू करायला देतात ते इंजेक्शन), निम्म्यांना सलाइन, एकूण ८,०१४ पेशंट.

मला विचाराल तर मी या ट्रायलच्या बाजूने आहे. छातीवर दाब देणं चालू असताना परवानगी मागायची कुणाकडे? पेशंट मेलेलाच आहे जवळजवळ, आणि बायकोला बाजूला घेऊन अर्धा तास समजावत बसलात तर ज्याची परवानगी मागताय तो माणूसच उरत नाही. म्हणून एथिक्स कमिटी आधी सगळं तपासते, आणि जो वाचतो त्याला किंवा घरच्यांना नंतर सांगून पुढचा फॉलोअप ठेवायचा का ते विचारतात. ज्यांना मुळातच नको होतं त्यांच्यासाठी मनगटात घालायचं 'नो स्टडी' असं लिहिलेलं ब्रेसलेट मागवायची सोय होती. अमेरिकेतही १९९६ पासून असा नियम आहे, पण त्यात अशी ट्रायल सुरू करायच्या आधी त्या भागातल्या लोकांशी बोलावं लागतं, जाहीर सांगावं लागतं.

आता निकाल बघा. महिन्याभराने जिवंत असणारे ॲड्रेनालिनवाल्यांत ३.२ टक्के, सलाइनवाल्यांत २.४. म्हणजे जास्त वाचले. पण जे वाचून घरी गेले त्यांत मेंदूला जबर मार बसलेले ॲड्रेनालिनवाल्यांत ३१ टक्के, दुसऱ्या बाजूला १७.८. आम्ही वर्षानुवर्षं जे इंजेक्शन डोळे झाकून मारतोय ते हृदय चालू करतं, माणूस परत आणतंच असं नाही. हे परवानगीची वाट बघत कधीच कळलं नसतं.

आपल्याकडे मात्र औषधाच्या ट्रायलला पेशंट बेशुद्ध असेल तर कायदेशीर प्रतिनिधीची सही लागते. नातेवाईक नाहीत अशी अडचण आपल्याकडे कमीच, एकाला दहा असतात. अडचण ही की सही कोण करणार. बायको म्हणते दीर येऊदे, दीर म्हणतो गावाहून काका निघालेत, काका आल्यावर ठरवू. काका येईपर्यंत तीन तास केव्हाच उलटलेले असतात.

प्रश्न: हे सगळं परदेशातलं झालं. आमच्या कोकणात विंचू चावून माणसं जायची, त्यावर कुणी काही केलंय का? (चिपळूण)

केलंय, आणि तुमच्याच शेजारी, महाडला. डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर. हिम्मतराव सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेला पेशंट यायचा, अंग घामाने चिंब, हातपाय बर्फासारखे गार, उलट्या, आणि काही तासांत छातीत पाणी होऊन तोंडाला फेस. गंभीर केसेसमध्ये शंभरातले तीस-चाळीस जायचे. ते पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले, आणि विषामुळे हृदयावर काय लोड येतो हे लक्षात आल्यावर प्राझोसिन नावाची बीपीची साधी गोळी वापरायला लागले. मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आले. १९८६ मध्ये लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये त्यांचं या गोळीवरचं पत्र छापून आलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, तोवर कोकणाबाहेर किती जणांना माहीत होतं देव जाणे.

आणि तिथेच थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरचा उतारा, म्हणजे अँटीव्हेनम, निघाला तेव्हा प्रश्न आला की नुसती गोळी पुरते का दोन्ही द्यावं. मग महाडमध्येच ७० पेशंटची ट्रायल केली, चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी, निकाल २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२, नुसत्या गोळीवाल्या ३५ पैकी ८. ट्रायल छोटी, आणि कुणाला काय दिलं हे सगळ्यांना माहीत होतं, हा तिचा कमकुवतपणा. पण फरक इतका मोठा आहे की तेवढ्याने तो पुसला जात नाही. तालुक्याच्या गावात हे होऊ शकतं.

प्रश्न: आमचे डॉक्टर तीस वर्षं प्रॅक्टिस करतायत, त्यांना अनुभवाने कळतं काय चालतं. मग एवढा खटाटोप कशाला? (नाशिक)

अनुभव हवाच, बावस्करांचं सगळं काम अनुभवातूनच सुरू झालं. पण कॅज्युअल्टीत अनुभव फसवतो, कारण आमच्याकडून पेशंट वॉर्डात किंवा आयसीयूत जातो आणि दोन आठवड्यांनी त्याचं काय झालं हे आम्हाला कुणी सांगत नाही.

डोक्याला मार लागला की स्टिरॉइड द्यायचं, सूज उतरते, असं कितीतरी वर्षं चाललं. सगळे द्यायचे, पुस्तकात होतं, काही पेशंट सुधारायचेही. मग क्रॅशची पहिली ट्रायल झाली, वीस हजार पेशंट घ्यायचं ठरलेलं, १०,००८ वर थांबवली. २००४ चा निकाल: दोन आठवड्यांत स्टिरॉइडवाल्यांत २१.१ टक्के मेले, बाकीच्यांत १७.९. म्हणजे शंभरातली तीन माणसं जास्त, आमच्या हातून, चांगल्या हेतूने. कुठल्याही एका डॉक्टरला हे तीस काय पन्नास वर्षांतही कळलं नसतं, कारण ज्या पेशंटला आधीच इतका मार लागलाय तो गेला तर दोष माराला जातो.

दुसरं, फीस्ट नावाची ट्रायल. युगांडा, केनिया, टांझानियात तापाने गंभीर आजारी, हातपाय गार पडलेली मुलं. अशा मुलाला भराभर सलाइन सोडायचं हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोटवलेलं, हात आपोआप जातो. ३,१४१ मुलांवर तपासलं, २०११: भराभर सलाइन दिलेल्यांत ४८ तासांत १०.५ टक्के गेली, न दिलेल्यांत ७.३. ही ट्रायलही मधेच थांबवावी लागली. तिथे व्हेंटिलेटरची सोय नव्हती, मलेरिया आणि रक्त कमी असलेली मुलं बरीच होती, म्हणून जसंच्या तसं मुंबईच्या आयसीयूला लावता येत नाही. आणि हात जोडून सांगते, जुलाब-उलटीची मुलं या ट्रायलमध्ये नव्हती, तेव्हा हे वाचून जुलाबाच्या पोराचं सलाइन बंद करायला लावू नका.

एका ठिकाणी चाललं म्हणून दुसरीकडे चालेल असंही नाही. तेच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पोटातून, आतड्यातून रक्त जाणाऱ्या १२,००९ पेशंटना देऊन बघितलं, २०२० चा निकाल: फायदा शून्य, उलट शिरांत गुठळ्या वाढल्या.

प्रश्न: मॅम, इमर्जन्सी मेडिसिनला फर्स्ट इयर आहे. थिसिसचा टॉपिक सुचत नाहीये, गाइड म्हणतात काहीतरी सोपं घे. काय घेऊ?

सोपं घे, पण फालतू नको. अमुक हॉस्पिटलातल्या अमुक पेशंटचं प्रोफाइल, असले थिसिस कपाटात धूळ खातायत.

माझा सल्ला, वेळेवर काम कर. दारातून आल्यापासून ईसीजीपर्यंत किती मिनिटं, साप चावल्यापासून अँटीव्हेनमच्या पहिल्या बाटलीपर्यंत किती, त्यातला उशीर घरी झाला, रस्त्यात झाला, दुसऱ्या हॉस्पिटलातून रेफर होताना झाला का आपल्याच दारात. पैसे लागत नाहीत, औषध नाही म्हणून परवानग्यांचा डोंगर नाही, एथिक्स कमिटीची मात्र लागतेच, ती टाळायचा विचारही करू नकोस.

आणि सुरू करायच्या आधी एकदा जुने केसपेपर काढून बस. सगळे पेशंट साडेदहाला, पावणेअकराला, अकराला आलेले दिसतील, दहा सदतीसला आलेला एकही सापडणार नाही, कारण वेळ आपण नंतर, गर्दी ओसरल्यावर, अंदाजाने टाकतो. शिफ्ट बदलायच्या आसपास तर कॉलमच कोरा. ईसीजीच्या कागदावर मशीन स्वतः वेळ छापतं, पण मशीनचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असू शकतं, ते तपासल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास नको. म्हणून जुन्या रेकॉर्डवर थिसिस करू नकोस, पुढचे पेशंट घे, स्वतः नोंद कर, सिस्टरना आणि वॉर्डबॉयना सामील करून घे, कारण पेशंटला स्ट्रेचरवर पहिला हात त्यांचा लागतो. मुख्य प्रश्न एकच ठेव, तो पहिला पेशंट घ्यायच्या आधी लिहून ठेव, आणि सॅम्पल साइजसाठी, म्हणजे किती पेशंट घ्यायचे ते ठरवायला, स्टॅटिस्टिक्सवाल्यांकडे आत्ताच जा, शेवटच्या महिन्यात डेटा घेऊन गेलीस तर ते फक्त सुस्कारा टाकतील.

रात्रीचे आणि रविवारचे पेशंट सुटू देऊ नकोस. तुझी ड्यूटी नसताना नोंद कोण करणार हे आधी ठरव, नाहीतर तुझ्या थिसिसमध्ये फक्त सोमवार ते शनिवार, नऊ ते पाच आजारी पडणारी माणसं येतील.