३५१ ची नोटीस: वीजबिल जोडून भागत नाही

बाल्कनी आधीच्या मालकाने विटांनी बंद केलेली, इमारत १९८८ ची, मुंबई महापालिकेची बेकायदा बांधकामाची कलम ३५१ खालची नोटीस मात्र तुमच्या नावावर. आणि उत्तराला तुम्ही वीजबिल, मालमत्ता कराची पावती नि सोसायटीचं पत्र जोडणार आहात. थांबा. नेमकी हीच चूक मला सगळ्यात महाग पडली.

हे तिन्ही कागद बांधकाम आहे एवढंच सांगतात, परवानगीने आहे असं एकही सांगत नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १५२अ खाली बेकायदा बांधकामावरही कर आणि दंड लागतो. तो भरून बांधकाम नियमित होत नाही. सोसायटीने 'वीस वर्षांपासून बंद आहे' असं लेटरहेडवर दिलं, तर बदल नंतरचा असल्याचा पुरावा आपणच हातात दिला. जुनेपणाची सवलत निवासी बांधकामाला १७ एप्रिल १९६४ पूर्वीचं असेल तरच.

उत्तर उभं राहतं ते मंजूर नकाशावर. भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा शेवटचा नकाशा मिळवा. सोसायटीच्या कपाटात नसेल तर इमारत प्रस्ताव विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्याला महिना जाणार आणि नोटिशीत बहुधा सातच दिवस, म्हणून मुदतीतच लेखी उत्तर द्या: अर्जाची प्रत जोडा, मुदतवाढ आणि सुनावणी मागा, आवक शिक्क्याची पोच घ्या. 'बघू, काळजी करू नका' हे टेबलावरचं आश्वासन आदेशात कुठेच दिसत नाही. तिथे 'उत्तर आले नाही' एवढंच छापून येतं.

नकाशात ती 'एन्क्लोज्ड बाल्कनी' दाखवलेली असेल तर मापं जुळवून फोटोंसह मांडा. उघडी असेल तर नियमित होते का हे आर्किटेक्टला विचारा (लायसन्सवाल्याला, 'सेटिंग'वाल्याला नाही). होत नसेल तर ती भिंत स्वतःच काढा, कारण पालिकेने पाडलं तर खर्च तुमच्याकडूनच वसूल होतो. काढल्यावर फोटो जोडून पाहणीची लेखी मागणी करा.

मी वकील नाही. तुमच्या नोटिशीतलं कलम आणि मुदत हेच प्रमाण माना.

जाता जाता: भिंत वरच्या थरापासून, हातोडी-छिन्नीने उतरवा, ब्रेकर नको. खोलीच्या पातळीला आणायला कोबा भरला असेल तर तोही काढा, बाहेर आलेल्या स्लॅबवर तो फुकटचा भार आहे. खाली बुजवलेला पाण्याचा आउटलेट सापडेल. तो मोकळा करून उतार बाहेर द्या, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी हॉलमध्ये.