समुद्रातली तार मंद का चाले?

प्रश्न : तारेने संदेश क्षणात पोहोचतो, असे ऐकले होते. मग १८५८ साली राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश अटलांटिकपार जायला १६ तास का लागले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कारण त्या केबलच्या रचनेतच आहे. खांबांवरच्या तारेभोवती हवा असते आणि जमीन बरीच खाली राहते. समुद्रतळावरच्या केबलमध्ये मात्र मधोमध तांबे, त्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकाचा विद्युतरोधक थर आणि बाहेर खारे पाणी असते, जे स्वतःच वीजवाहक आहे. दोन वाहकांमध्ये रोधक आला की धारित्र, म्हणजे विजेचा भार साठवून ठेवणारी रचना, तयार होते. म्हणजे आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत तीन हजार किलोमीटरांहून लांब असे एक अखंड धारित्रच समुद्रात पडले होते. कळ दाबली की आधी ते भरावे लागे आणि सोडली की रिते व्हावे लागे, त्यामुळे पलीकडे विजेचा स्पष्ट ठोका न उमटता सावकाश चढणारी आणि त्याहून सावकाश ओसरणारी लाट पोहोचे. घाईने पाठवलेली टिंबे आणि रेघा एकमेकींत मिसळत आणि मग पुन्हा विचारणा करावी लागे.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हे गणिताने आधीच मांडले होते : विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून केबल दहापट लांब केली तर तो शंभरपट होतो. केबल टाकणाऱ्या कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हा नियम पटला नाही. त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब वापरला आणि महिन्याभरातच केबल कायमची बंद पडली. तरीही सारा दोष त्यांच्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही, कारण साठवणीत उन्हामुळे गटापर्चा आधीच बिघडला होता.

थॉमसन यांचा उपाय मला फार सुंदर वाटतो. त्यांच्या आरसा-गॅल्व्हानोमीटरमध्ये, म्हणजे सूक्ष्म वीजप्रवाह दाखवणाऱ्या यंत्रात, इवल्याशा आरशावर प्रकाशाचा झोत पडे आणि प्रवाह किंचित चढताच पट्टीवरचा ठिपका डावीकडे वा उजवीकडे सरके. लाट पूर्ण चढण्याची वाट पाहावी लागत नसे, दाबही थोडा पुरे. जमिनीवरच्या तारयंत्राची कडकट्ट तिथे नव्हती. तारबाबू अंधाऱ्या खोलीत तो ठिपका डोळ्यांनी वाचत. १८६६ च्या केबलमध्ये तांबेही जवळजवळ तिप्पट घातले गेले आणि वेग मिनिटाला सुमारे आठ शब्दांवर गेला. ती टाकणाऱ्या ग्रेट ईस्टर्न या जहाजानेच १८७० साली मुंबई ते एडन केबल टाकली.