रेडिएशन संपून आठ महिने झाले, आता डोसेटॅक्सेल या नव्या केमोनंतर आईची त्याच जागची कातडी लाल होऊन सोलतेय. हे रेडिएशनमुळे आहे का? केमो थांबवावी का?

हो, असं होतं. डॉक्टर त्याला रेडिएशन रिकॉल म्हणतात. पूर्वी जिथे लाइट, म्हणजे रेडिएशन, दिलेली असते, नेमका तेवढाच भाग नवं औषध अंगात गेल्यावर पुन्हा सुजतो, लाल होतो, ठणकतो. लाइट संपून काही आठवडे झालेले असोत नाहीतर काही वर्षं, तरी होऊ शकतं. १९५९ साली डॉ. डॅन्जिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्टिनोमायसिन-डी या औषधाच्या बाबतीत हे पहिल्यांदा नोंदवलं. पुढे डोसेटॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन, जेमसिटाबिन, कॅपेसिटाबिनच्या गोळ्या अशा बऱ्याच औषधांनी ते झालेलं दिसलं. तुमच्या आईला डोसेटॅक्सेलच सुरू आहे असं तुम्ही लिहिलंय. माझ्या ताईलाही तेच होतं, म्हणून लिहायला बसले.

ताईचा डावा स्तन काढला होता. बगलेतल्या तीन गाठींत आजार पोचलेला, म्हणून केमो झाल्यावर छातीला लाइट दिली. ती तिने नीट सोसली. पुढे आजार हाडात उतरला आणि डोसेटॅक्सेल सुरू झालं. पहिल्या डोसनंतर त्याच आठवड्यात छातीवर लाली आली, मग आग, मग कातडीचे पापुद्रे. गावातल्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं. ताप नव्हता, पू नव्हता, औषधाने तसूभर फरक नव्हता, तरी तेच पुढे चालू. आमचे दाजी म्हणाले, लाइटची उष्णता अंगात मुरली होती, ती आता बाहेर पडतेय. ताईला ब्लाउज सोसेना, रात्रभर पंख्याखाली बसून राहायची. घरात जो तो काही ना काही लावायला सांगत होता.

तिचं अंग पुसताना माझ्या लक्षात आलं की लालीला कड आहे. सरळ, फुटपट्टीने आखल्यासारखी. लाइटच्या वेळी खुणेसाठी तिच्या छातीवर बारीक ठिपके गोंदले होते. लाली त्या ठिपक्यांशी येऊन थांबत होती, पलीकडची कातडी स्वच्छ. इन्फेक्शन असं चौकोन आखून पसरतं का? मी फोटो काढला, लाइटच्या फाइलमधला कागद काढला आणि कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोटो बघताक्षणी ओळखलं. पुढचा डोस लांबवला, स्टेरॉइडचं मलम आणि थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या. हळूहळू कातडी निवळली.

खरं भांडण त्यानंतर झालं. दाजी म्हणाले, आता केमो बंद म्हणजे बंद. डॉक्टर म्हणाले, तेच औषध कमी डोसने पुन्हा देऊन बघू, दर वेळी हे उलटतंच असं नाही. निर्णय ताईने घेतला, दाजींनी नाही आणि मीही नाही. तिने डोस घेतला. थोडी लाली आली आणि गेली. त्या औषधाने तिची हाडांची दुखणी कमी झाली, ती पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहू लागली.

पुढे ताई गेली, लिव्हरमध्ये आजार पसरल्यामुळे. दाजी मात्र आजही चारचौघांत सांगतात की तिला लाइटने जाळलं, ती घ्यायलाच नको होती. २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लाइटच्या २२ चाचण्यांचा एकत्रित हिशोब आला. स्तन काढलेल्या आणि बगलेतल्या एक ते तीन गाठींत आजार असलेल्या बायकांत, म्हणजे माझ्या ताईसारख्याच बायकांत, २० वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू लाइट न घेणाऱ्यांत ५०.२ टक्के होते आणि घेणाऱ्यांत ४२.३. हा फरक लहान नाही. रिकॉल क्वचित होतो आणि बहुतेकदा आवरता येतो. त्याच्या भीतीने लाइट नाकारणं मला चूक वाटतं, आणि गेलेल्या माणसाच्या उपचारांना असा बोल लावणं त्याहून चूक.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, केमो थांबवावी का. परस्पर अजिबात थांबवू नका आणि न सांगता पुढचा डोसही घेऊ नका. डोस पुढे ढकलायचा, कमी करायचा की औषधच बदलायचं हे कातडी किती बिघडलीय त्यावर ठरतं. फोड येऊन जखमा झाल्या असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येक लाली रिकॉलच असते असं नाही. खरंच इन्फेक्शन असू शकतं, आणि कधी कधी आजारच कातडीत परत आलेला असतो. डॉक्टर बायोप्सी, म्हणजे कातडीचा तुकडा काढून तपासणं, म्हणाले तर करून घ्या. शिवाय हे कातडीपुरतं नसतं. लाइट जिथे गेली तिथलं फुप्फुस, स्नायू, तोंडाची आतली त्वचाही सुजू शकते. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो-लाइटनंतर ड्युरव्हॅलुमॅब नावाचं औषध देतात, त्याच्या ७१३ रुग्णांच्या चाचणीत फुप्फुसाला सूज आलेले ३३.९ टक्के होते, औषधाविना २४.८ टक्के. गंभीर सूज दोन्हीकडे थोड्यांनाच आली. तरी छातीला लाइट घेतलेल्या माणसाला कोरडा खोकला आणि धाप लागली तर हवा बदललीय म्हणून सोडून देऊ नका.

लाइट किती दिली, कुठे दिली, कधी संपली हे लिहिलेला कागद आजच शोधा. नसेल तर जिथे लाइट घेतली तिथून मागून घ्या. तो, आत्ताच्या सगळ्या औषधांची नावं आणि उजेडात काढलेला फोटो घेऊन जा. लालीची कड पेनाने आखून ठेवा, पसरतेय का ते कळेल. आणि घरात कुणी आईसमोर ‘लाइट घेतलीच कशाला’ म्हणालं, तर त्यांना बाहेरच्या खोलीत न्या आणि हे उत्तर वाचायला द्या.