पुरातत्त्व घ्यायचंय, पण खणायला किती मिळतं?

पदवीला सांस्कृतिक वारसा आणि पुरातत्त्व हे स्पेशलायझेशन घ्यावं का, आणि त्यात प्रत्यक्ष खणायला किती मिळतं, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

मिळतं, पण थोडं. वर्षाकाठी काही आठवडे. चरात उतरलात तरी हातात थापीपेक्षा पेन्सिलच जास्त वेळ असते, कारण उत्खननात पुरावा नष्टही होत असतो. उकरलेला थर परत जागेवर बसवता येत नाही. मागे राहतं ते तुम्ही मोजलेलं, लिहिलेलं, रेखाटलेलं. पहिल्याच सीझनला मी खापरांच्या एका पिशवीवर थराचा क्रमांक टाकायला विसरलो. संध्याकाळी खापरं धुताना ते लक्षात आलं. छान रंगवलेली खापरं होती, पण कुठल्या थरातली ते कुणालाच सांगता येईना. कोणी ओरडलं नाही, तेच जास्त लागलं.

उलट उदाहरण पॉम्पेईचं, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहराचं. तिथल्या घट्ट झालेल्या राखेत मधेच पोकळ्या लागायच्या. १८६३ मध्ये तिथले पुरातत्त्वज्ञ ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी त्या फोडून पुढे न जाता त्यांत प्लास्टर ओतलं, आणि मेलेल्या माणसांचे आकार बाहेर आले. देह कधीच कुजून गेले होते, पुरावा होता तो रिकाम्या जागेत. असल्या गोष्टीने तुम्हाला झोप लागत नसेल तर विषय तुमचा आहे.

विज्ञानापासून पळण्यासाठी मात्र इकडे येऊ नका. लाकूड, हाडं अशा एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींचं वय काढायला वापरतात तो कार्बन-१४ साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच उपयोगी पडतो, आणि लाकडाच्या बाबतीत तो खोडातलं ते वाढीचं वर्तुळ कधी तयार झालं ते सांगतो, तुळई घरात कधी बसवली ते नाही. जुनं लाकूड पुन्हा वापरलेलं असेल तर निष्कर्ष शे-दोनशे वर्षांनी सहज चुकतो. संख्याशास्त्र आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र) जमेल तेवढं लवकर शिका.

वारशाची बाजू मुलं सोपी समजतात. माझ्या मते खरी डोकेफोड तिथेच आहे. जुन्या वास्तू कशा जपाव्यात याची १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद सांगते, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवा. मग जपानमधलं इसे मंदिर दर २० वर्षांनी नव्या लाकडात बांधतात, ते अस्सल की नक्कल? वारशाच्या अस्सलपणावरच्या १९९४ च्या आंतरराष्ट्रीय नारा दस्तऐवजाने तो अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात तपासायला सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झालेलं जुनं वॉर्सा (पोलंडची राजधानी) पुन्हा उभारलं गेलं आणि १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. परीक्षेत यावर एक ठाम उत्तर लिहून मोकळं होता येतं, कामावर नाही.

नोकरीचं थोडक्यात: नुसत्या पदवीवर संशोधनाची जागा मिळणं अवघड, पुढे एम.ए. धरूनच चला. अनेक देशांत पगारी उत्खनन मुख्यतः रस्ते किंवा इमारती बांधण्याआधीचं असतं, घाईतलं आणि मुदतीतलं. संग्रहालयं आणि दस्तऐवजीकरण हे दुसरे रस्ते.

फॉर्म भरण्याआधी एका उत्खननावर स्वयंसेवक म्हणून जा आणि खापरं धुण्याचं काम मागून घ्या. तिसऱ्या दुपारीही काठाचा तुकडा हातात फिरवत भांड्याचं तोंड केवढं असेल याचा हिशोब करावासा वाटला, तर बिनधास्त घ्या. विभागात मात्र विचारून ठेवा, फील्डवर्क किती आठवड्यांचं आहे आणि अहवाल विद्यार्थ्यांकडून लिहून घेतात का.