पगारातून २०० रुपये कटले म्हणून

बेटा,

परवा फोनवर तू चिडून बोलत होता, पहिल्याच पगारातून प्रोफेशनल टॅक्सचे २०० कटले, वरून बिस्किटच्या पुड्यावरही जीएसटी, आणि आपल्या गल्लीतले खड्डे तसेच, मग टॅक्स भरायचा कायले? तेव्हा मी घाईत होतो म्हणून आता लिहून राहिलो.

आधी त्या २०० रुपयांचं. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो, गावातल्या बाया लेकरं कडेवर घेऊन खडी फोडायला जायच्या. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, तिच्यासाठी पैसा पाहिजे म्हणून १९७५ मध्ये राज्यानं नोकरदार अन् धंदेवाल्यांवर हा कर बसवला, आणि जेवढा गोळा होईल तेवढीच भर सरकारनं टाकायची असं ठरलं. म्हणजे शहरातल्या पगारातून खेड्यातल्या मजुराला काम, तेही केंद्राचा रोजगार हमी कायदा यायच्या ३० वर्षं आधी. मला याचा आजही अभिमान वाटते. तुझे वर्षाचे २५०० जातील (फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कटतात), त्याच्यावर घ्यायला घटनेतच मनाई आहे.

आता लोकं टॅक्सच्या नावानं बोटं मोडतात ते कंजूष आहेत म्हणून, हे मला पटत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर बघ, हेच नागपूरकर ओळख ना पाळख, लाखो लोकांना जेवू घालतात. दिलेलं ताटात दिसते ना तिथं! घरटॅक्स भरला की तो कुठं गेला हे कोणी सांगतच नाही. दुसरं, घरटॅक्स थकवला तर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, पण मग अभय योजना येते अन् थकवणाऱ्याची शास्ती माफ, आणि आमच्यासारखे दरवर्षी वेळेवर भरणारे बघत राहतात. हे मला फार लागते, खरं सांगतो. टॅक्स वाढवायचा असेल तर आधी हे बंद झालं पाहिजे. त्यात मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपली आणि कितीतरी वर्षं प्रशासकच होता, हिशोब मागायचा तर नगरसेवकच नव्हता.

तरी मी जास्त टॅक्स द्यायच्या बाजूनंच आहे. सप्टेंबर २०२३ ला रात्रीतून अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली, तेव्हा बंगलेवाला असो की झोपडीवाला, वाट बोटीचीच पाहत होता, आणि तशी बोट कोणी आपापली विकत घेऊन ठेवत नाही ना. माझ्या आईचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा सरकारी दवाखान्यात स्ट्रेचर मीच ढकललं, वॉर्डात गर्दी एवढी की खाली गादी टाकून पेशंट, पण ऑपरेशन चांगलं झालं अन् घर विकायची पाळी आली नाही. तिथं आणखी चार माणसं पाहिजे होती, त्यांचा पगार कुठून येईल तूच सांग.

तर एक कर. घरटॅक्सच्या डिमांडवर, म्हणजे मनपाच्या बिलावर, वृक्ष कर, शिक्षण कर, अग्निशमन असे वेगवेगळे रकाने असतात, कोणी वाचत नाही. त्यातला एकच धर, वृक्ष कर समज, आणि आपल्या झोनमध्ये किती जमा झाला, किती झाडं लावली, त्यातली किती जगली हे माहितीच्या अधिकारात विचार, फी १० रुपये. रविवारी घरी ये, डिमांड मी काढून ठेवतो, अर्ज सोबतच लिहू.

तुझा काका